ब्रेक लागलेली अंगाई

या, बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय आखूड आहे. इकडे गादीवर टेका. चहा टाकलाय. तो उकळेस्तोवर तुम्हाला एका पायाची गोष्ट सांगतो. खुर्चीच्या नाही हो, माणसाच्या. हसताय काय? लोक काळजाच्या गोष्टी सांगतात, डोक्याच्या सांगतात, पोटाच्या तर जेवता जेवता सांगतात. पायाची कुणी सांगत नाही. बिचारा जन्मभर खाली राहतो, चपलेत दिवस काढतो, आणि दुखायला लागला की तेवढा आठवतो.

तर हा पाय होता गाडी शिकवणाऱ्या एका मास्तरचा. उजवा पाय.

शिकवायची गाडी असते ना, तिच्यात पेडल दोन्हीकडे असतात. शिकणाऱ्याच्या पायाशी एक जोडी, शेजारी बसलेल्या मास्तरच्या पायाशी दुसरी. शिकणारा घाबरून भलतंच काही दाबतो, मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबतो, आणि दोघं धडधाकट घरी जातात. या मास्तरचं उभं आयुष्य त्या दुसऱ्या ब्रेकवर गेलं. मग काय होणार? पाय स्वतःच्या मर्जीनं वागायला लागला. टीव्हीत कुणी जिन्यावरून घसरलं की मास्तरचा पाय सोफ्यासमोर कचकन दाबला जायचा. दूध वर आलं, ब्रेक. जावई पहिल्यांदा घरी आला आणि घसा खाकरून म्हणाला, "मला तुमच्या मुलीबद्दल जरा बोलायचंय," तेव्हा टेबलाखाली असा ब्रेक बसला की सगळ्यांचा चहा बशीत आला.

अर्ध्या गावाला त्यानं गाडी शिकवली, पण बायकोला नाही. म्हणजे शिकवायला घेतली होती. तिनं गिअर टाकला की ह्याचा ब्रेक, तिनं आरसा बघितला की ह्याचा ब्रेक. शेवटी बाईनं भर चौकात चावी काढून ह्याच्या मांडीवर ठेवली, पिशवी उचलली आणि चालत घरी आली. "तुम्ही चालवा नि तुम्हीच थांबवा," म्हणाली. त्यानंतर ती त्या गाडीत बसली तर मागच्या सीटवर, तेही खिडकीकडे तोंड करून. मुलगी तर हुशार. तिनं गपचूप गाडी शिकवणाऱ्या दुसऱ्या शाळेत नाव घातलं आणि लायसन्स आणून फ्रिजवर चिकटवलं. मास्तर चार दिवस फ्रिजमधलं पाणी प्यायला नाही.

आता ही मुलगी लग्न करून लांब गेली. लांब म्हणजे, इकडे जेवणं आटपतात तेव्हा तिकडे दात घासतात इतकी लांब. तिला मुलगी झाली. आणि ती पोर झोपेना. दिवसा नाही, रात्री नाही. मांडीवर नाही, पाळण्यात नाही. मुलगी फोनवर बोलता बोलता वाक्याच्या मध्येच डोळे मिटायची.

एका दुपारी ती म्हणाली, "बाबा, ते वाजवा ना. माझ्या वेळचं."

मास्तरकडे एक गिटार होती. ती कशी आली ते विचारू नका, ती वेगळी भानगड आहे. मुलगी लहान होती तेव्हा मास्तर भिंतीला टेकून पाय लांब करून बसायचा, पोरीला पायांवर आडवी घ्यायचा, गिटार पोटाशी धरायचा, आणि पाय डावीकडे उजवीकडे हलवत एक धून वाजवायचा. तिला शब्द नाहीत, नाव नाही. दोन गल्ल्या चालून जावं, वळणावर जरा थबकावं आणि परत घरी यावं, एवढीशी. पोर वळण ओलांडायच्या आत झोपलेली असायची.

मास्तरनं ती फोनवर वाजवून पाठवली. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन.

"छान आहे हो बाबा."

"झोपली?"

"नाही."

"मग छान काय डोंबल!"

"बाबा, धून तीच आहे. पण आवाज एका जागी बसून राहतो. तेव्हा कसा, जवळ यायचा, मग लांब जायचा, मग कुठून तरी परत यायचा. मला वाटायचं मी होडीत आहे."

मागून जावयाचा आवाज आला. हा जावई कॉम्प्युटरवाला, आणि त्याला सासऱ्याशी बोलायला विषय कधी मिळायचा नाही, आज मिळाला. म्हणाला, गिटारसमोर माइक ठेवून तो वायरीनं कॉम्प्युटरला जोडायचा. त्यात रेकॉर्डिंगचा एक प्रोग्राम टाकायचा. आवाजावर इको चढवता येतो, म्हणजे आवाज दरीपलीकडून आल्यासारखा लांब जातो. इको उतरवला की परत कानाशी येतो. हात दोन्ही गिटारवर अडकलेले, म्हणून हे चढवणं उतरवणं पायानं करायचं. त्यासाठी पेडल मिळतं.

"पेडल?" मास्तर ताठ बसला. "पेडलचं मला नका सांगू."

हे तो बोलला आणि तिथून वाट लागली.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, मास्तरला हौस म्हणून हे करायचं नव्हतं. नातीनं आजोबाला अजून धड बघितलं नव्हतं. मास्तर फोन असा धरायचा की तिकडे पडद्यावर फक्त एक नाकपुडी दिसायची. पोरीच्या लेखी आजोबा म्हणजे एक भोक. तिला आपली एवढी तरी ओळख असावी, की हा आवाज आला म्हणजे झोपायला हरकत नाही, कुणीतरी जागं आहे. बास. यापलीकडे त्या माणसाला काही नको होतं.

बाजारातून पेडल आणलं. प्लॅस्टिकचं, साबणाच्या डबीएवढं. मास्तरनं टेबलाखाली ठेवलं, चप्पल काढली, डोळे मिटले, वाजवायला लागला. खरं सांगतो, पहिली गल्ली सुंदर गेली. पंजा हळूच खाली, की भिंती मागे सरकायच्या, खोलीत धुकं भरायचं. पंजा वर, की आवाज मांजरासारखा परत मांडीवर. मग ते वळण आलं. तिथं बोटं एकदम वर, गिटारच्या गळ्यापाशी न्यावी लागतात, आणि आताशा मास्तरची बोटं तिथं चाचपडतात. बोटं घाबरली. बोटं घाबरली की पाय काय करतो, ते तुम्हाला सांगायला नको. कट्‌! पेडलचे दोन तुकडे.

आता सल्ले सुरू झाले. मास्तर राहतो त्या बिल्डिंगीत माणूस शिंकला तरी तीन मजल्यांवरून औषध येतं. शेजारचा दातांचा डॉक्टर म्हणाला, "माझं ड्रिलसुद्धा पायावर चालतं, मास्तर. ते न्या. पण पेशंट नसेल तेव्हा." वरच्या मजल्यावरचे रेडिओकाका, ज्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान रेडिओ संपल्यामुळे बंद पडलं होतं, ते हातात वायरी डाग देऊन जोडायची डागणी घेऊनच खाली आले. डागणी तापलेली. जिन्यातूनच ओरडत आले, "विकत कशाला घ्यायचं? पेडल म्हणजे काय, दाबल्यावर फिरणारा नॉब! घरात काय काय दाबता, ते दाखवा."

घरात दाबण्यासारखं होतं बायकोच्या शिलाई मशीनचं पेडल.

"माझ्या मशीनला हात लावाल तर बघा," बायको आतून म्हणाली.

"हात कुठं, पाय लावतोय," मास्तर म्हणाला.

काकांनी ते जोडलं. आवाज आला, पण त्यात मशीनची घरघरही आली. अंगाई ऐकताना वाटायचं कुणीतरी पोराला आत शिवतंय. शिवाय वळणावर तेही चेपलं. बायकोनं चेपलेलं पेडल हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, आणि काही बोलली नाही. नवऱ्यांनो, बायको बोलली तर वाचलात. त्या आठवड्यात भाजीला मीठ नव्हतं.

मग मास्तरच्या डोक्यात आलं. ह्या पायाला पेलेल असं जगात एकच पेडल आहे. लोखंडी, झिजलेलं, ह्याच पायाच्या आकाराचं. गाडीतलं.

दुपारी शिकणारे नसतात. मास्तर पाना घेऊन गाडीत वाकला आणि आपल्या बाजूचा ब्रेक नटबोल्टासकट काढून वर घेऊन आला. काकांनी तो फळीवर ठोकला, मागे जुन्या रेडिओचा आवाजाचा नॉब दोरीनं बांधला, नॉबची वायर एका डबीत, डबीची वायर कॉम्प्युटरात. प्रोग्राममध्ये एक बटण असतं. ते दाबलं की कॉम्प्युटर गप्प वाट बघतो. तुम्ही जे पेडल हलवाल ते तो ओळखून घेतो, की हां, हा पाय हलला की मी इको हलवायचा. म्हणजे थोडक्यात, कॉम्प्युटर शिकतो. मास्तरला हे फार आवडलं. "बघा काका, उलट बोलत नाही, घाम पुसत नाही, एकदा दाखवलं की शिकला! असा शिकाऊ मला जन्मात मिळाला नाही."

पण शिकाऊ जरा जास्तच शिकला. दाबलं की इको चढतो, हे त्याला पक्कं झालं. मास्तर वाजवायचा, वळण यायचं, बोट चुकायचं, पाय कचकन बसायचा, आणि नेमका तो चुकलेला सूर डोंगराएवढा होऊन घुमत राहायचा. बाकी सगळी अंगाई कानाशी, आणि चूक तेवढी दऱ्याखोऱ्यांतून. कुजबूज करता करता कुणी शिंकावं आणि ती शिंक देवळाच्या घुमटात जाऊन बसावी, तसं.

काका म्हणाले, "वायर इकोची काढून आवाजाला लावू, तीही उलटी. दाबलं की आवाज कमी." केली. आता चुकीच्या जागी आवाज साफ मरायचा. धून चालायची, कचकन थांबायची, परत चालायची. मुलीला पाठवली तर ती म्हणाली, "बाबा, हिला उलटी झाली." आता ती अंगाईनं की दुधानं, हे तिनं सांगितलं नाही, पण मास्तरनं ते मनाला लावून घेतलं.

वायर परत सुलटी होऊन इकोवर आली. आणि ह्या सगळ्या भानगडीत, गाडीत आपल्या बाजूला ब्रेक नाही, ही गोष्ट मास्तर विसरला. कसा विसरला म्हणजे काय? तुम्ही चष्मा डोक्यावर ठेवून शोधत नाही? सकाळी एक बँकेतल्या बाई शिकायला आल्या. फाटकापाशी गाडी चालणाऱ्या माणसाच्या चालीनं निघाली. समोर बिल्डिंगीच्या दुरुस्तीची वाळू पडलेली. मास्तरनं शांतपणे पाय दाबला. पाय खाली गेला, गेला, आणि नुसत्या चटईला लागला. गाडी थांबेना. मास्तर नंतर सांगायचा, की त्या क्षणाला त्याला भीतीच वाटली नाही. सकाळचं ऊन काचेवर होतं, बाई "अगंबाई अगंबाई" असं एका सुरात म्हणत होत्या, आणि गाडी लोण्यात सुरी जावी तशी वाळूत शिरली. आवाजसुद्धा नाही. फक्त "हुस्स". वाळू टपावरून घरंगळत काचेवर आली आणि आत छान सावली झाली.

"सर," बाई म्हणाल्या, "हे पार्किंग का?"

कुणाला खरचटलंही नाही. पण वाळू बिल्डिंगीची, म्हणून चेअरमन वर आले. आधीच त्यांना रोजच्या कचकचीबद्दल बोलायचं होतं. "मास्तर, तुमच्या घरातून कुणी काही ठोकत असतं, आणि मग कुणीतरी विहिरीत पडल्यासारखा आवाज येतो. खाली माझ्या मिसेस घाबरतात." मास्तरनं पेडल दाखवलं. चेअरमननी ते वाकून बघितलं, मग टेबलाकडे बघितलं, मग मास्तरच्या बायकोकडे बघितलं, आणि आवाज उतरवून विचारलं, "वहिनी, ह्यांना कुणाला दाखवलंत का?"

इतकं झाल्यावर शहाण्यानं ब्रेक परत बसवला असता. मास्तरनं ठरवलंही. पण तेवढ्यात वाहतूक कार्यालयातून निरोप आला, शिकवायच्या गाड्यांची तपासणी आहे, ताबडतोब या. गेला तसाच. साहेबांनी दार उघडलं, मास्तरच्या बाजूला वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"तुमचा ब्रेक कुठाय?"

"घरी आहे, साहेब."

"घरी काय करतोय?"

मास्तर खोटं बोलणारा माणूस नाही. "वाजवतोय," म्हणाला.

साहेब हळूहळू सरळ झाले. म्हणाले, "मी नोकरीत पुष्कळ ऐकलं. ब्रेक चोरीला गेला ऐकलं, उंदरानं खाल्ला ऐकलं. वाजवतोय पहिल्यांदा ऐकतोय." आणि सांगून टाकलं, की उद्या सकाळी ब्रेक जागेवर दिसला नाही तर शाळेला टाळं. लाजेनं मास्तरचे कान लाल झाले. आसपास रांगेत उभे असलेले ड्रायव्हर सगळे त्याच्याच हाताखाली शिकलेले, आणि सगळे आभाळाकडे बघत होते.

म्हणजे उरली एक दुपार. तेवढ्यात अंगाई झाली तर झाली, नाहीतर लोखंड खाली आणि नात तशीच जागी.

ऊन पडद्यातून गाळून जमिनीवर आलं होतं. मास्तर वाजवत होता. वळण, चूक, कचकन, दरी. परत. वळण, चूक, कचकन, दरी. शेवटी त्यानं गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि पायाकडे बघत बसला. शिव्या द्यायलाही त्राण नव्हतं. म्हणाला, "हा पाय कापून ठेवावा."

बायको दारात कपड्यांच्या घड्या करत होती. पेडल चेपल्यापासून मशीन बंद होतं, म्हणून शिवणकाम नव्हतं. घडी खाली ठेवून म्हणाली, "कापू नका. वर घ्या."

"काय?"

"पाय वर घ्या. खुर्चीवर मांडी घालून बसा. खालचं मी बघते."

मास्तर हसला, मग थांबला. "तुला जमेल?"

"धून तुम्ही लेकीसाठी वाजवायचात. स्वयंपाकघरातनं ऐकली कुणी इतकी वर्षं? कधी जवळ, कधी लांब, मला झोपेत सांगता येईल. तुम्ही फक्त मला थांबवू नका."

आता आली पंचाईत. कारण तुम्हीच सांगा, त्या माणसानं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या हाती गाडी देऊन पाय वर घेतला होता का? त्यानं मांडी घातली. गुडघे कुरकुरले. बायको टेबलाखाली सतरंजीवर बसली, भिंतीला पाठ टेकली आणि लोखंडी ब्रेकवर आपली टाच ठेवली. मशीन चालवणारी टाच ती. फुंकर घातल्यासारखी दाबायची.

पहिली गल्ली. आवाज जवळून निघाला, भिंतीशी गेला, भिंत नाहीशी झाली. खोलीत पाणी भरत चाललंय आणि सामान तरंगायला लागलंय असं वाटलं. कपाट, घड्या केलेले कपडे, सगळं मंद मंद. वळण आलं. बोटं चाचपडली, मांडीखाली दबलेला पाय फडफडला, पण दाबायला खाली काही नव्हतं. बोट चुकलं ते चुकलं. आणि चुकलेला सूर कानाशी बारीकसा वाजून निघून गेला. कुणाच्या लक्षातही येऊ नये इतका. मास्तरला नवल वाटलं. एवढीशीच होती होय ही चूक?

दुसऱ्या गल्लीत आवाज लांब गेला. लांब गेला, आणि परत येईना. मास्तर वाट बघत वाजवत राहिला. आता येईल, आता येईल. धून नदीपल्याड गेली, डोंगरापल्याड गेली, एक सूर विझायच्या आत दुसरा त्याच्यात मिसळायला लागला. त्यानं वाकून टेबलाखाली बघितलं.

बायकोला झोप लागली होती. मान कलंडलेली, तोंड जरा उघडं, आणि टाच ब्रेकवर दाबलेली तशीच.

तोंडापर्यंत "अगं" आलं होतं. पाय पुन्हा एकदा फडफडला. पण मास्तरनं "अगं" गिळलं. थांबवायला गेलो तर ही उठेल. म्हणजे वाजवतच राहायचं. वळण परत आलं, त्यानं परत घेतलं. कुठं जायचं ते ठाऊक नाही, थांबवायचं आपल्या पायात नाही, आणि गाडी चाललीये, मस्त चाललीये. तो इतक्या हळू वाजवायला लागला की तारेला बोट लागतंय की नाही ते त्याचं त्यालाच कळेना. ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं तेव्हा बायको जागी झाली आणि म्हणाली, "चुकलं का माझं?"

"नाही," मास्तर म्हणाला. "पोचलो."

ते सगळं तसंच पाठवलं. तिचं हळू घोरणंसुद्धा त्यात होतं, खोल इकोच्या मागे. काका म्हणाले समुद्रासारखं वाटतं, काढू नका. ब्रेक खाली नेऊन गाडीत बसवला. सकाळी साहेबांनी तो दाबून बघितला, कान लावून ऐकलं, आणि सोडून दिलं.

मुलीचा फोन आला नाही. दिवस गेला, तरी नाही. मास्तर येरझारा घालायला लागला. परत उलटी झाली की काय? शेवटी जावयाचा आला, आवाज दबका, अपराध्यासारखा. "बाबा, ऑफिसला उशीर झाला मला. म्हणजे गेलोच नाही. रात्री ते लावलं, आणि उठलो आत्ता. ही अजून झोपलीये. दोघी झोपल्यात. घरात हालचाल नाही. मी स्वयंपाकघरातून बोलतोय."

"उठवू नको," मास्तर म्हणाला आणि फोन चक्क सरळ धरून, पडद्यावर अख्खा चेहरा दाखवत बसला. तिकडे जावयानं स्वयंपाकघरातून आत जाऊन फोन पाळण्यावर धरला होता.

घ्या, चहा झाला. साखर हलवा.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. मास्तर अजून शिकवतो, पण गाडीत गुणगुणायची सवय लागलीये त्याला. पाय ब्रेकवर अगदी फुंकर घातल्यासारखा ठेवतो, गाडी डुलत डुलत चालते, आणि शिकाऊ मंडळी जांभया द्यायला लागतात. म्हणून सांगतो, रस्त्यात शिकवण्याची गाडी तुमच्यापुढे अशी डुलत चाललेली दिसली आणि आत दोघांच्याही माना कललेल्या दिसल्या, तर तेवढा एक हॉर्न द्या. पण हळू द्या बरं का. दचकवू नका त्याला. तो पाय अजून तसाच आहे. कचकन लागेल, आणि मागून तुम्हीच आदळाल.